पात्र कोण?

आज गीता, अध्याय १७, श्लोक २०. दान सात्त्विक कधी? परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य देशी, योग्य काळी, पात्र माणसाला दिलं तर.

या 'पात्र'पाशी मी परवा अडखळलो. रात्री पुणे स्टेशनबाहेर ब्लँकेटं वाटत होतो. एक काका दारू पिऊन फुटपाथवर पडलेले. मित्र म्हणाला, "यांना नको, सकाळी विकून पितील." मी पुढे गेलो. खरं सांगतो, मला ते पटलंही होतं.

घरी झोप लागेना. दारूने ऊब आल्यासारखी वाटते, पण त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंगातली उष्णता उलट भरभर बाहेर जाते. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. त्याला बर्फ पडावा लागत नाही. ओले कपडे, रिकामं पोट, गार फरशी पुरते. म्हणजे ज्याला मी अपात्र ठरवलं, त्यालाच थंडी आधी गाठणार. मग पात्रता वागण्यात बघायची की गरजेत? श्लोकात देश-काळ आधी येतात, पात्र नंतर. मला तर हा क्रमच बोलका वाटला: फुटपाथ, पहाटेचे तीन, मग माणूस.

तसाच परत गेलो. काका कुडकुडत होते. (कुडकुडणं थांबून माणूस बरळायला लागला तर थेट १०८ ला फोन, हे पाठ करून ठेवा.) आधी अंगाखाली पुठ्ठा सरकवला, कारण जमीन ऊब ओढून घेते. मग वरून ब्लँकेट.

"चहा आहे का रे?" काकांनी विचारलं.

नव्हता. आज थर्मास घेऊन जातोय.