आधी तिचे देणे

माउली, लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण होते. तिथे आपण एकमेकांच्या पाया पडतो. लहानथोर उरत नाही. पण लेक त्रासाला कंटाळून माहेरी आली की आपणच म्हणतो, ‘नांदणं हाच बाईचा धर्म.’

धर्म म्हणजे कर्तव्य, आणि संसारात ते दोघांचेही असते. जर्मन तत्त्वज्ञ कांट वचन पाळण्याविषयी फार कडक होता. तरीही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हा त्याचाच दंडक. मार खात नांदायला लावणे म्हणजे घराच्या अब्रूसाठी लेकीला साधन करणेच होय.

आपल्या सातारा-सांगलीकडे ‘टाकलेली’ हा शब्द सर्वांच्या ओळखीचा. कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी अशा परित्यक्तांच्या हक्कांसाठी चळवळ केली. नवरा नांदवत नाही, मोकळी करत नाही, पोटगीही देत नाही. मग वचन कोणी मोडले?

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाची वाट दिली. १९७६ मध्ये परस्पर संमतीची तरतूद आली. ही वाट रागाच्या भरात धरायची नव्हे. आधी समजुतीचा खरा प्रयत्न हवा. आणि फारकत झाली तरी मुलांचा सांभाळ व एकमेकांचा मान ही कर्तव्ये सुटत नाहीत.

वारीला निघण्यापूर्वी स्वतःला विचारा : आपल्या घराने टाकलेली कोणी आहे का? असेल तर आधी तिचे देणे द्या, मग पांडुरंगाच्या पायी डोके ठेवा.