जात्याचा दाखला

येलदरी धरणाची माहिती कुठल्याही कोशात सापडेल: जिंतूर तालुका, पूर्णा नदी, 1968 साली काम पूर्ण, पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच. पाणी किती चढलं, किती उतरलं, हेही रोज लिहून ठेवलं जातं. याच मुलखात लग्नाची हळद दळताना एखादी आजी जात्याच्या खुंट्याला हात घालून तासभर ओव्या म्हणते, तिची मात्र कुठे ओळ नसते. जिचं सगळं काव्य तोंडातच आहे, तिला कोशात जागा द्यावी का?

पूर्वी मी म्हणत असे, पुस्तक नाही तर नोंद नाही. बहिणाबाई चौधरींनी (1880–1951) हे मत मोडलं. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, म्हणून ती गाणी टिपली गेली. आचार्य अत्र्यांनी ती उचलून धरली आणि 1952 साली, त्या गेल्यावर, पुस्तक आलं. म्हणजे 1951 पर्यंत त्या कवयित्री नव्हत्या? जिच्या घरात लिहिणारं कुणी नव्हतं, तिचं काय झालं असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

तरी कोशकाराचा पुराव्याचा आग्रह मला खोटा वाटत नाही. ऐकीव गोष्टीला आधार हवाच. पण आधार म्हणजे छापील कागदच, हे कधी ठरलं? म्हाइंभटांनी तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या माणसं गाठून, विचारून, आठवणी पडताळून. त्याच महानुभाव मंडळींत महदंबेनं रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण जिचं नाव घेतो, ती अशी गाणारी बाई आहे.

मौखिक परंपरेला स्वतःचा दाखलाही असतो. येलदरीच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई अभंगाच्या शेवटी आपलं नाव गुंफते. ही नाममुद्रा गावोगाव फिरली. गाणाऱ्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी रचना कुणाची हे त्यांना ठाऊक होतं. याहून चांगला साक्षीदार कुठला?

ओवीपाशी मात्र मी अडलो. तिथे नाममुद्रा नसते. पहिली ओळ आजीची, दुसरी सासरी जोडलेली, तिसरी शेजारणीची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभरातून 1,00,000 हून अधिक ओव्या जमवल्या, त्या गाणारीचं नाव आणि गाव यांसकट. ते पाहून माझं मत पुन्हा सरकलं. हळदीला ओव्या म्हणणाऱ्या प्रत्येकीची स्वतंत्र नोंद करणं चूक होईल; ओवीची नोंद करावी आणि आत त्या बाईचं नाव यावं. जिची रचना तिच्या नावानिशी दुसऱ्या गावच्या तोंडी गेली, ती मात्र स्वतंत्र नोंदीची धनीण आहे, पुस्तक असो वा नसो.

असा तोंडी आधार जमवताही येतो. 2011 साली अचल प्रभाला यांनी विकिपीडियासाठी बोललेल्या माहितीचे संदर्भ ध्वनिमुद्रित करून पाहिले. भाषा होत्या हिंदी, मल्याळम आणि आफ्रिकेतली सेपेडी. मराठीत, येलदरीच्या आसपास, हे काम आज कुणालाही हाती घेता येईल. खिशात मोबाईल आहेच. आजीला विचारायचं, ही ओवी कुणाकडून घेतली, कोणत्या गावात, कुणाच्या लग्नात. तिची परवानगी घ्यायची, तारीख सांगायची, आणि जातं फिरू लागलं की गप्प बसायचं.