ताणलेल्या मनाला आंबील

कर्जाचा हप्ता असो, लेकराची परीक्षा असो की पावसाने दिलेली ओढ. जिवाला घोर लागला की हात आधी गोड चहाकडे आणि बिस्किटाच्या पुड्याकडे जातो. तरतरी येते, पण लवकरच उतरते. चिडचिड तेवढी उरते.

आपल्या देगलूरच्या चुलीवर याहून चांगलं काही शिजतं. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. ती सावकाश पचते. लातूर-नांदेडच्या शिवारात वेळ अमावस्येला काय असतं, आठवा: तूर, वाल, हरभऱ्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या घालून बेसन लावलेली भज्जी, ज्वारीचे उंडे, आणि मडक्यातली लसूण-जिऱ्याची आंबट, गार आंबील. आंबवलेलं अन्न आतड्याला मानवतं. आणि मनःस्थितीशी नातं असलेलं सेरोटोनिन शरीरात बहुतांश आतड्यातच तयार होतं. वर हे सगळं झाडाखाली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून खायचं! माझ्या मते निम्मा गुण त्या पंगतीचाच.

झोपच उडाली असेल, मन खचलं असेल, तर नुसत्या आहारावर विसंबू नका; टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. आणि आज दुपारी भाकरी, दही, जवसाची चटणी घेऊन कुणासोबत तरी जेवायला बसा.