भिंतीवरचे चित्र कोणाचे?

मालकी म्हणजे काय, हा प्रश्न वकिलापुढे रोज येतो, आणि त्याचे ठरलेले उत्तर तो रोज देत असतो. त्या उत्तराविषयी माझ्या मनात प्रथम शंका उत्पन्न झाली ती इंदूरच्या एका उपाहारगृहाच्या भिंतीमुळे.

काही वर्षांपूर्वी एका व्यावसायिकाने शहराबाहेर, सहलीस येणाऱ्या कुटुंबांसाठी, मोठे उपाहारगृह काढले. भोजनगृहाच्या चाळीस फुटी भिंतीवर महेश्वरचा घाट रंगविण्याचे काम एका वयोवृद्ध चित्रकाराकडे आले. करारनामा मी लिहिला. चित्रावरील सर्व हक्क कायमचे मालकाकडे जातील, असे कलम मी त्यात मोठ्या दक्षतेने घातले. तीन वर्षांनी सजावटीची तऱ्हा बदलली आणि घाटावर करडा रंग चढला. चित्रकार आपल्या नातीला चित्र दाखवावयास घेऊन गेले, तेव्हा त्यांना हे कळले. पुढे भेट झाली असता ते एवढेच म्हणाले, "वकीलसाहेब, पुसू नका असे मी म्हटले नसते. आधी सांगितले असते, तर एकदा पाहून आलो असतो." माझे कलम निर्दोष होते, तरी या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

कायदा येथे दोन दिशांना पाहतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७व्या कलमान्वये, हक्क विकल्यानंतरही, कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि तिची मोडतोड होऊन लौकिकास बाध आल्यास दाद मागण्याचा अधिकार कलावंताकडे राहतो. अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी सुमारे १४० फूट लांबीचे ब्राँझचे भित्तिशिल्प घडविले होते. १९७९मध्ये ते उतरवून कोठीत टाकण्यात आले. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष शिल्पकाराला परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा हुकूम सरकारला दिला. उलटपक्षी, प्रगती मैदानावरील 'हॉल ऑफ नेशन्स' हे प्रदर्शनगृह २०१७मध्ये पाडले गेले, तेव्हा त्याचे वास्तुशिल्पी राज रेवाल यांचा दावा त्याच न्यायालयाने २०१९मध्ये फेटाळला. इमारत पाडण्याच्या मालकाच्या अधिकाराआड वास्तुशिल्पी येऊ शकत नाही, असे ठरले.

मालकाची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. करमणुकीचे स्थळ म्हणजे संग्रहालय नव्हे. तेथे पाहुणा नावीन्यासाठी येतो. भिंत जुनी झाली की गिऱ्हाईक दुसरीकडे वळते, आणि नोकरांचा पगार तर दरमहा द्यावाच लागतो. शिवाय सजावट ही मुळातच अल्पायुषी. आमच्या इंदुरात यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पीकडून १९३०च्या सुमारास माणिकबाग सजवून घेतली; तिची कीर्ती युरोपपर्यंत गेली. परंतु १९८०मध्ये तेथील सामान मोनॅकोत लिलावात विकले गेले आणि वास्तूत पुढे सरकारी कचेरी आली. महाराजांच्या महालाची ही कथा, तर उपाहारगृहाच्या भिंतीने चिरंजीव व्हावे असा आग्रह कोणी धरावा?

आपली परंपराही टिकविण्याचा हट्ट धरीत नाही. दारची रांगोळी सायंकाळपर्यंत विसकटते; दहा दिवस पुजलेला गणपती आपणच पाण्यात सोडतो. तेव्हा पुसणे हे पाप खास नव्हे. परंतु येथेच थोडे थांबावे. गणपती उचलण्यापूर्वी आपण उत्तरपूजा करतो. अक्षता वाहून निरोप देतो, पुन्हा येण्याची विनंती करतो आणि मगच मूर्ती जागेवरून हलवितो. उत्तरपूजा वगळली, तर मूर्ती पाण्यात पडेल, पण त्याला विसर्जन कोण म्हणेल? विसर्जन आणि विध्वंस यांत हाताची क्रिया एकच असते. भेद असतो तो निरोपाचा. त्या वृद्ध चित्रकारांची मागणी एवढीच होती. मालकीने पुसण्याचा अधिकार मिळतो; निरोप न देण्याचा अधिकार कोणत्याही खरेदीखताने मिळत नाही.

हा न्याय एकट्या व्यापाऱ्याला लावून आपल्याला मोकळे होता येणार नाही. सिंधुदुर्ग, गोवा आणि कारवार या पट्ट्यांतील आपल्या देवळांत कावी चित्रांची परंपरा होती. चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीच्या रंगाचा थर द्यावयाचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने कोरून आतला शुभ्र चुना उघडा करावयाचा, अशी ती रीत. त्यांपैकी किती भिंती जीर्णोद्धाराच्या नावाखाली खरवडल्या गेल्या, किती गुळगुळीत फरशांखाली गेल्या! होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत यांनी हिंडून या कलेची नोंद केली, म्हणून ती निदान कागदावर राहिली. उपाहारगृहाच्या मालकाला धंद्याची निकड तरी होती. आपण तर विश्वस्त होतो. आणि विश्वस्ताची मालकी, हे कायदाही सांगतो, दुसऱ्याच्या वतीने सांभाळलेली असते. जीर्णोद्धार करूच नये असे मी म्हणत नाही. गळके छप्पर बदललेच पाहिजे. परंतु भिंतीला हात लावण्यापूर्वी तिचे नीट छायाचित्र घ्यावे, जाणत्याला बोलवावे आणि गावातील वडीलधाऱ्यांना एकदा पाहून जाण्यास सांगावे, यास किती खर्च येतो?

आता मी भित्तिचित्राचा करारनामा लिहितो तेव्हा दोन कलमे अधिक घालतो. चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराचे नाव राहील. आणि चित्र काढून टाकावयाचे झाल्यास साठ दिवस आधी त्याला लेखी कळवून ते पाहण्याची व छायाचित्र घेण्याची मुभा दिली जाईल. पुसण्याचा हक्क मालकाकडेच राहतो. काही अशिलांना ही कलमे अनावश्यक वाटतात. तरी कारण सांगितल्यावर बहुतेक सही करतात. महेश्वरचा तो घाट त्यामुळे परत येणार नाही. त्या करारावर सही त्या दोघांची असली, तरी अक्षर माझे होते, हे मला विसरता येत नाही.