मनाचे दुखणे कुणाला सांगावे?



गुडघा दुखू लागला की आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून चांगला डॉक्टर शोधतो. मन दुखू लागले की मात्र दार लावून घेतो. घरातले माणूस आठवडेच्या आठवडे झोपत नाही, जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. तरी ‘लोक काय म्हणतील’, ‘मुलीचे लग्न जमायचे आहे’ म्हणून आपण गप्प बसतो. कुणी आमच्याकडे येतात तेव्हा हळूच विचारतात, ‘फादर, आमची श्रद्धा कमी पडते का?’

या प्रश्नामागे एक समजूत दडलेली आहे: मनाचे दुखणे म्हणजे आत्म्याचे दुखणे, आणि आत्म्याचे दुखणे म्हणजे पाप. ख्रिस्तसभेची शिकवण अशी नाही. पाप आपण जाणूनबुजून करतो; आजार कुणी मागून घेत नाही. पापाला क्षमा हवी, आजाराला उपचार. नैराश्याने खचलेल्याला ‘पापनिवेदन कर, बरे वाटेल’ एवढेच सांगून घरी पाठवले, तर न केलेल्या अपराधाचे ओझे आपण त्याच्या पाठीवर ठेवतो.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी दुःखावरचे उपाय सांगितले आहेत. त्यांत सत्याचे चिंतन आहे, अश्रू आहेत, मित्रांची सहानुभूती आहे. आणि झोप व स्नानही आहे! एवढ्या थोर ईशज्ञानी पंडिताला झोप क्षुल्लक वाटली नाही. कारण माणूस म्हणजे शरीर व आत्मा मिळून एकच आहे. एलिया संदेष्टाही झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवाने त्याला दोष दिला नाही. देवदूताकरवी भाकर आणि पाणी पाठवले, पुन्हा झोपू दिले, मग पुढच्या वाटेला लावले.

मग तज्ज्ञ शोधायचा कसा? आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारावे. समुपदेशक ऐकून घेतो, बोलण्यातून वाट काढायला मदत करतो. तो औषध देत नाही. औषध देणारा मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. पहिल्या भेटीत संकोच न करता विचारावे: आपले शिक्षण काय? फी किती? आमचे बोलणे गुप्त राहील ना? गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवाल ना? सरळ उत्तर मिळाले नाही, तर दुसरा तज्ज्ञ पाहावा. नुसत्या पाटीवर भुलू नये.

‘याला ठाण्याला न्या’ ही आपल्याकडची जुनी थट्टा. ती थट्टा आता पुरे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून रुग्णांची सेवा करीत आहे, आणि त्याच ठाण्यात आयपीएच ही संस्था १९९० पासून समुपदेशन करीत आहे. एवढ्या लांब जाणे जमत नसेल तर २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येते. कुणी मरणाची भाषा बोलू लागले तर मात्र त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. थेट इस्पितळ गाठावे.

आणि एक गोष्ट. खचलेल्या माणसाला तज्ज्ञ शोधण्याचेही बळ उरलेले नसते. फोन करणे, वेळ ठरवणे, रिक्षात शेजारी बसून जाणे, बाहेर बाकावर थांबणे, हे काम आपले आहे. घराण्याचे नाव जपायचे की माणूस जपायचा, असा प्रश्न उभा राहिला तर ख्रिस्ती माणसाचे उत्तर एकच असू शकते.

प्रार्थना चालू ठेवा, मिस्सा चुकवू नका, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळीही चुकवू नका. यांत वैर नाही. बरे करणारा प्रभू एकच आहे.

आपले धर्मगुरू