मुक्या दैवताचे विश्वस्त

जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्याने हिशेब कोणाला द्यावा, हा प्रश्न भारतीय न्यायविचारात देवस्थानांच्या निमित्ताने पूर्वीच उभा राहिला आहे. देवता ही न्यायिक व्यक्ती, म्हणजे मालमत्ता धारण करू शकणारी व दावा लावू शकणारी व्यक्ती मानली जाते. परंतु तिची स्थिती अज्ञान बालकासारखी असल्याने तिचा कारभार इतरांच्या हाती राहतो, आणि ते तिच्या हिताविरुद्ध वागू लागले तर साधा भक्तही तिच्या वतीने न्यायालयात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली मान्य केले.

हाच प्रश्न जंगलालाही लागू होतो. जळगाव जिल्ह्यातील सावद्याच्या उत्तरेला केळीच्या बागा मागे पडल्या की सातपुडा लागतो, आणि शेजारच्या यावल तालुक्यात 1969 साली घोषित झालेले अभयारण्य आहे. 1961 मध्ये स्वित्झर्लंडात स्थापन झालेल्या 'वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड' या संस्थेची भारतातील शाखाही त्याच वर्षी, 1969 मध्ये, धर्मादाय न्यास म्हणून उभी राहिली. जंगल व वाघ देवतेइतकेच मुके असल्याने अशी संस्था त्यांची विश्वस्तच ठरते. मात्र तिला पैसा देणारे दूर असतात आणि तिच्या कामाची झळ ज्यांना लागते ते जंगलात असतात. संस्थेच्या मदतीवर चालणाऱ्या वनरक्षकांनी आफ्रिका व आशियातील वनवासींना मारहाण केली, अत्याचार केले, काहींचे जीवही घेतले, असे आरोप 2019 मध्ये झाले. संयुक्त राष्ट्रांच्या माजी मानवी हक्क उच्चायुक्त नवी पिल्ले यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीला संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी असे काही करविल्याचा पुरावा मिळाला नाही. पण स्थानिकांना दिलेली मानवी हक्कांची वचने अनेक ठिकाणी पाळली गेली नाहीत, हे तिच्या नोव्हेंबर 2020 च्या अहवालाने स्पष्ट केले.

हा दोष अफरातफरीपेक्षा गंभीर आहे, कारण तो सद्हेतूच्या आड वाढतो: पृथ्वी वाचवण्याचे ध्येय इतके विशाल भासते की त्यापुढे मार खाल्लेला एक माणूस क्षुल्लक वाटू लागतो. गीता सांगते तशी कर्मफलाची आसक्ती सोडणे म्हणजे कर्माचा जाब देण्यातून सुटणे नव्हे. विश्वस्तवृत्तीचा पुरस्कार करणाऱ्या गांधीजींनीही तिच्यावर कायद्याचे नियमन असण्यास वाव ठेवला होता; केवळ विश्वस्ताच्या सदसद्विवेकावर सारा भार टाकणे त्यांनाही पुरेसे वाटले नाही.

मग जंगलाच्या बाबतीत भक्त कोण? सातपुड्यातील पावरा व भिल्ल वाघदेवाला पुजतात, आणि ज्या रानात त्यांची गुरे चरतात त्याच रानात वाघाचाही वावर राहिला आहे. भीती आणि श्रद्धा अशी एकत्र नांदते तिथे संरक्षणाचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वन राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला, आणि वन्यजीवांसाठी अतिमहत्त्वाच्या अधिवासातूनही तिच्या मुक्त संमतीवाचून पुनर्वसन करता येत नाही. धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याने चारशेहून अधिक हेक्टर जंगल स्वतःच्या नियमांनी राखले, आणि तेथील चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे झाड तोडणारा आणि त्याला जाब विचारणारा एकाच बैठकीत समोरासमोर बसतात, ही सोय आंतरराष्ट्रीय संस्थेत आपोआप होत नाही, ती घडवावी लागते. संस्थेचा वार्षिक अहवाल पावरी वा भिली बोलीत ग्रामसभेपुढे वाचला जावा, आणि तिथे नोंदलेली तक्रार मधल्या कोणत्याही कार्यालयात न अडकता स्वित्झर्लंडमधील विश्वस्तांपर्यंत जाऊन ठरलेल्या मुदतीत तिचे लेखी उत्तर त्याच ग्रामसभेला मिळावे, एवढी मागणी करण्याचा हक्क या भक्तांना निश्चितच आहे.