हलाल आहे, पण तय्यब आहे का?

सिल्लेखान्यात मटण घेताना आपण जिबहची खात्री करून घेतो. मुलाच्या हातातील रंगीत बाटलीवर मात्र हिरवी खूण दिसली की आपले समाधान होते. ती खूण पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते, एवढेच. पवित्र कुरआनने (सूरह अल-बकरा, आयत 168) हलालसोबत तय्यब, म्हणजे शुद्ध व हितकर, ही अटही घातली आहे. पुष्कळ थंडपेयांच्या 100 मिलिलिटरमध्ये सुमारे 10 ग्रॅम साखर असते. हे बाटलीवरच छापलेले असते. वाचायचे राहून जाते.

त्याहून मोठी चिंता मोबाईलची. कार्टून लावले की मूल निमूट जेवते, हे खरे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरी वाढणारे हजरत उमर बिन अबू सलमा (र.) लहानपणी जेवताना ताटभर हात फिरवीत. प्रेषितांनी (स.) त्यांना अल्लाहचे नाव घेऊन, उजव्या हाताने, आपल्या समोरचे खाण्यास शिकविले. ती सवय त्यांनी पुढे कायम ठेवली. प्रेषित (स.) सोबत जेवत होते, म्हणूनच तो हात त्यांच्या दृष्टीस पडला.

येत्या जुम्म्याला दस्तरखानावर नान-खलिया मांडाल, तेव्हा मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. आधी स्वतःचा.